रविवारी रात्री निघणारा तळ: एका जिम्नीचं प्रकरण

मामेभावाच्या गाडीत मागे सामानासाठी खोटा तळ बसवायचा होता, आणि मामीची अट एकच होती. रविवारी रात्री गाडी होती तशी झाली पाहिजे. सोमवारी सकाळी दोन्ही नातवंडं मागच्या सीटवर बसून शाळेत जातात आणि ती स्वतः पुढे बसून मंडईपाशी उतरते. बाकी आम्ही गाडीत काय ठोकायचं ते ठोकावं, तिचं काही म्हणणं नव्हतं.

माझा मामेभाऊ साताऱ्यात वनस्पतीशास्त्र शिकवतो. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत त्याचा एकही शनिवार घरी जात नाही. चाळकेवाडीचा सडा म्हणजे खडकाळ पठार, कास, पाटणच्या बाजूचे माळ, सवड मिळाली तर खाली आंबोलीपर्यंत. गाडी पाच दारांची मारुती सुझुकी जिम्नी, मॅन्युअल गिअरची, चार माणसांच्या नोंदणीची. मी एमआयडीसीत पत्र्याच्या आणि फॅब्रिकेशनच्या कामात पंधरा वर्षं आहे, त्यामुळे घरातलं असलं काम माझ्याकडेच येतं.

त्याचं सामान फार नाही, पण विचित्र आकाराचं आहे. वनस्पती दाबायची लाकडी चौकट, टिपकागद, जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे, स्टोव्ह, तंबू, वीस लिटरचा पाण्याचा कॅन, कॅमेऱ्याची बॅग, गाडी ओढायचा पट्टा, फावडं, हवा भरायचा छोटा पंप. हे सगळं मागे एकावर एक रचलेलं असायचं. एकदा कासहून उतरताना पुढे म्हैस आडवी आली, ब्रेक दाबला आणि तो पाण्याचा कॅन पुढच्या सीटच्या पाठीवर येऊन आदळला. शेजारी विद्यार्थी बसला होता. लागलं काही नाही. पण त्याच संध्याकाळी भावाचा फोन आला, "दादा, मागं काहीतरी पक्कं करून दे."

जिम्नीच्या डिकीत मागची सीट उभी असताना २०८ लिटर जागा मिळते आणि सीट पाडली की ३३२ लिटर. सीटची पाठ पुढे पडून बैठकीवर बसते, त्यामुळे डिकीचा तळ खाली आणि पडलेली पाठ वर अशी पायरी तयार होते. सामान रचताना हीच पायरी नडते, पण खोटा तळ करायचा तर तिचाच उपयोग होतो. पायरीच्या उंचीइतकी पोकळी फुकट मिळते. वर सपाट फळी आली की खाली कप्पे आणि वर मोकळं पटांगण.

पहिला तळ

पहिला प्रयत्न माझा नव्हता, पण तो थांबवायला हवा होता तेव्हा मी थांबवला नाही, म्हणून त्याची जबाबदारी माझीही आहे. भावाने ओळखीच्या सुतारमामांना गाडी दाखवली. त्यांनी घरात कपाट करतात तसं काम केलं, आणि कपाट म्हणून ते उत्तमच होतं. १९ मि.मी. ब्लॉकबोर्ड, वर सनमायका, खाली तळफळी, दोन ड्रॉवर, जाड टेलिस्कोपिक चॅनल. मागचं दार उघडून ड्रॉवर ओढला की सर्रकन बाहेर यायचा. पाहायला गल्लीतली चार माणसं जमली होती.

भंगारवाल्याच्या काट्यावर तो मी स्वतः चढवला. ५२ किलो.

तो आत घालायला दोन माणसं लागायची आणि बाहेर काढायला अडीच, कारण जिम्नीचं मागचं दार बाजूला उघडतं, त्यावर स्टेपनी लटकलेली असते आणि दाराच्या चौकटीची मोकळी रुंदी आतल्या जागेपेक्षा कमी असते. अखंड पेटी तिरकी केल्याशिवाय बाहेर येत नव्हती आणि तिरकी करताना ट्रिमवर, म्हणजे आतल्या प्लास्टिकच्या आवरणावर, ओरखडे पडत होते. पहिल्या रविवारी रात्री अकराला भावाने शेजाऱ्याला उठवलं. दुसऱ्या रविवारी पेटी आतच राहिली आणि सोमवारी पोरं रिक्षाने शाळेत गेली. तिसऱ्या आठवड्यापासून पेटी पडवीत होती आणि पाण्याचा कॅन परत मोकळा फिरत होता.

सुतारमामांनी पेटी हलू नये म्हणून तळाला चार भोकं पाडून बोल्ट मारायचं सुचवलं होतं. तेवढं मात्र मी होऊ दिलं नाही. गाडीच्या पत्र्याखाली पेट्रोलची टाकी, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग यांपैकी काय कुठून गेलंय हे वरून दिसत नाही. भोक चुकून मोकळ्या जागी पडलं तरी कापलेल्या कडेचा रंग गेलेला असतो. सड्यावरचा चिखल आणि आंबोलीचा पाऊस दोन वर्षांत तिथे गंज धरवतो.

वजनाचा हिशेब

दुसऱ्या तळाची सुरुवात मी टेपने नाही, वहीने केली. पाच दारांच्या जिम्नीचं रिकामं वजन प्रकारानुसार ११९५ ते १२१० किलो आहे आणि माणसं-सामान धरून कमाल परवानगी १५४५ किलोची. म्हणजे या गाडीत साधारण ३४५ किलो चढवता येतात. आकडा मोठा वाटतो, पण भरताना तो भराभर संपतो.

भाऊ आणि सोबतचा विद्यार्थी मिळून १४८. पाणी २०. बाकी सामान ६२. पहिली पेटी ५२. छतावर त्याने आधीच लोखंडी कॅरिअर बसवलेलं होतं, ते ३४. बेरीज ३१६. उरले २९ किलो. परतीच्या वाटेवर कुणी दोन पोती तांदूळ दिला की मर्यादा ओलांडली. शिवाय हा सगळा भार मागच्या आसाच्या (अ‍ॅक्सलच्या) आसपास आणि त्याच्याही मागे. आसाच्या मागे टाकलेलं वजन तरफेसारखं काम करतं, पुढची चाकं हलकी होतात. ओल्या चढावर जिथे पुढच्या चाकांनी पकड घ्यायला हवी तिथेच ती सुटते. फोर व्हील ड्राइव्ह घेऊन ही चूक करणं म्हणजे दोन चाकं स्वतःच्या हाताने काढून ठेवणं.

त्या वहीत मी तीन ओळी लिहिल्या आणि काम संपेपर्यंत त्या बदलल्या नाहीत. एकट्या माणसाला दहा मिनिटांत काढता आला पाहिजे. कोणताही तुकडा सात किलोंपेक्षा जड नको. गाडीला एकही नवं भोक नको. किती सामान मावेल ही ओळ मी मुद्दाम लिहिली नाही. सुतारमामांना आम्ही तेवढंच विचारलं होतं, आणि त्यांनी त्याच प्रश्नाचं उत्तर बांधून दिलं होतं.

भोक नको याला आणखी एक कारण आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळातल्या एका प्रकरणात ते ठामपणे सांगितलं. आसनसंख्या नोंदणीत असते. मागच्या सीटा कायमच्या उपटून कपाट बसवणारे लोक मी पाहिलेत, मला तो रस्ता नको होता. आमच्या गाडीत सीटा जागच्या जागी आहेत, फक्त पाडलेल्या, आणि तळ हे पट्ट्यांनी बांधलेलं सामान आहे.

दुसरा तळ

सगळ्यात मोठी बचत तळफळी काढून टाकण्यात झाली. पेटीला तळ हवा असं आपण घरातल्या कपाटावरून धरून चालतो. पण डिकीला तिचा स्वतःचा तळ आहे. सामान त्यावर ठेवा, वरचं झाकण तेवढं आपण करू. म्हणून मागचा भाग नुसती बिनतळाची चौकट झाली: २५ मि.मी. चौकोनी अ‍ॅल्युमिनिअम पाइप, दीड मि.मी. जाडीचा, खाली रबरी मॅट. हा पाइप मीटरला जेमतेम ३८० ग्रॅम भरतो. याच मापाचा लोखंडी घेतला तर तिपटीने जड. सांध्यांना आतून कोन आणि पॉप रिव्हेट. अ‍ॅल्युमिनिअम वेल्डिंग करायची सोय माझ्याकडे होती, तरी केलं नाही. पातळ अ‍ॅल्युमिनिअम वेल्डच्या कडेला नरम पडतं आणि खडखडाटात तिथेच तडकतं.

फळीसाठी १८ की १२ मि.मी. यावर भावाशी वाद झाला. त्याला १८ हवी होती, तो त्यावर उभा राहून फोटो काढणार होता. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे १८ ची फळी १२ पेक्षा जवळजवळ ३.४ पट ताठ. बाजू त्याचीच होती. पण आधारांमधलं अंतरही घनातच मोजलं जातं. मधोमध एक आडवा पाइप दिला, अंतर अर्धं झालं की त्याच वजनाखाली झोल आठपट कमी होतो. पाऊण मीटर पाइपचे ३०० ग्रॅम देऊन फळीचे पाच किलो वाचले. दोन्ही फळ्या मिळून सव्वा चौरस मीटर, १२ मि.मी.मध्ये साडेदहा किलोंच्या आसपास.

प्लाय मरीनच, म्हणजे पाण्यात टिकणारा हवा होता, आयएस ७१० या भारतीय मानकाचा. या मानकात नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून डिंक सुटतो का ते पाहतात. दुकानात सगळ्याच प्लायवर शिक्का असतो, म्हणून मी दोन ठिकाणांहून वीतभर तुकडे आणले आणि घरी पातेल्यात उकळत ठेवले. एकाचे पदर तिसऱ्या तासाला उलगडले. दुसरा आठ तासांनंतरही अंगठ्याच्या नखाने उचकटला नाही, तो घेतला. ज्यांना असं काम करायचं आहे त्यांनी एवढा एक दिवस नक्की घालवावा. बाकी सगळं नंतर सुधारता येतं, सुटलेला डिंक सुधारत नाही.

चौकटीची उंची दोन गोष्टींनी ठरवली: पाडलेल्या सीटची पाठ आणि वनस्पती दाबायची चौकट. हर्बेरियमचा, म्हणजे वाळवलेले नमुने चिकटवायचा कागद ४२ गुणिले २९ से.मी. असतो, दाबायची चौकट त्याहून थोडी मोठी. ती आडवी, पट्टे आवळलेल्या अवस्थेत आत सरकली पाहिजे आणि न उलटता बाहेर आली पाहिजे. ताजा नमुना आत असताना ती उभी केली की पाकळ्या सरकतात. ड्रॉवर रद्द केले. चॅनलच्या एका जोडीचंच वजन माझ्या अर्ध्या चौकटीएवढं होतं, आणि दार बाजूला उघडणाऱ्या गाडीत ड्रॉवर ओढायला मागे मोकळी जागा लागते ती अरुंद वाटेवर मिळत नाही. त्याऐवजी झाकण दोन तुकड्यांत, आणि आत बाजारातले साधे प्लास्टिकचे क्रेट.

पुढचा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो. पुढची फळी पाडलेल्या सीटवर टेकवायची हा सरळ मार्ग होता. पण सीटची पाठ एकाच जागी येणारा भार घेण्यासाठी नसते, आणि रोज पोरं त्याच पाठीला टेकून बसणार. म्हणून पुढच्या फळीची मागची कड चौकटीच्या ओठावर बसवली आणि पुढच्या कडेला दोन पाय दिले, जे मागे बसणाऱ्याच्या पाय ठेवायच्या खळग्यात उतरतात. पायांना खाली फिरवून उंची जुळवायचे बोल्ट. सीटला फक्त फेल्टचा स्पर्श, भार शून्य. आणि तो खळगा, जो आधी वाया जात होता, तिथे पाण्याचा कॅन बसला: गाडीतल्या सगळ्यात खालच्या जागी, मागच्या आसाच्या पुढे, पुढच्या सीटच्या बुडाला टेकून. ज्या कॅनमुळे हे सगळं सुरू झालं त्याला हलायला आता दोन बोटंही जागा नाही.

मापं मी फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर घेतली. टेप सरळ रेषा मोजतो, गाडीच्या आत सरळ रेषा फारशी नसते. चाकांच्या उंचवट्यांपाशी पुठ्ठा कात्रीने कोरत गेलो आणि तो पुठ्ठा आधी मागच्या दारातून आत-बाहेर करून पाहिला. प्रत्येक बाजूला ५ मि.मी. जागा सोडली. जिम्नीची बॉडी लॅडर फ्रेमवर, म्हणजे खालच्या शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर, रबरांवर बसलेली असते. एक चाक खड्ड्यात आणि समोरचं तिरपं दगडावर असताना सगळा सांगाडा किंचित पिळतो. फळी दोन्हीकडून गच्च बसवली तर तो पीळ ट्रिमवर येतो आणि गाडी कण्हल्यासारखी वाजते.

बांधणं

बांधण्याचा हिशेब फळीपेक्षा जास्त वेळ खाऊन गेला. तळ आणि त्यातलं सामान मिळून शंभर किलो धरू. कोरड्या डांबरावर कचकन ब्रेक मारला तर ते पुढे ऐंशी किलोंच्या जोराने सरकू पाहतं. तेवढं कोणताही बरा पट्टा धरतो. पण धडकेत हा जोर वजनाच्या वीसपट होऊ शकतो, म्हणजे दोन टन. ५०० किलो क्षमतेचे चार पट्टे लावले, गाडीत सामान बांधायला आधीपासून असलेल्या कड्यांना. एका कोपऱ्यात कडी नव्हती, तिथे मूळ बोल्टखाली ३ मि.मी. स्टीलची पट्टी दिली. सीटबेल्टच्या आणि सीटच्या बोल्टला हात लावला नाही, आणि कुणी लावू नये.

कागदावर चार पट्ट्यांची बेरीज दोन टन होते. प्रत्यक्षात चारही सारखे ताणले जात नाहीत, एक आधी सुटतो. म्हणून खरी भिस्त मांडणीवर ठेवली: जड ते खाली आणि पुढच्या सीटला टेकलेलं, हलकं मागे, वरच्या पटांगणावर फक्त तंबू आणि अंथरूण. तळ आत असताना मागे कुणी बसत नाही. जॅक आणि पाना वेगळ्या पिशवीत, दाराजवळच्या क्रेटमध्ये, म्हणजे पंक्चर झालं तर रस्त्यावर संसार मांडावा लागत नाही. छतावरचं कॅरिअर उतरवलं. त्यावर जे जायचं ते खाली मावलं, वर ३४ किलोंचा डोलारा उरला नाही.

वजन: चौकट साडेसहा किलो, मागचं झाकण ४.८, पुढची फळी पायांसह ५.९. एकूण १७.२. कॅरिअर गेल्याने शनिवारची बेरीज ३१६ वरून २४७ वर आली.

पहिल्यांदा काढायला भावाला पस्तीस मिनिटं लागली, कारण मी झाकणाला चार ठिकाणी स्क्रू ठेवले होते आणि पाना सापडेना. स्क्रू काढून पेट्यांना असतात तशा आवळायच्या क्लिपा लावल्या. आता सात मिनिटं लागतात. मामीने एकदा स्वतः करून पाहिलं. पट्टे सोडले, झाकण काढलं, चौकट ओढली, आणि म्हणाली, "हां, आता चालेल." वय ६८. माझ्यासाठी तीच चाचणी होती.

पावसाळा

जुलैत आंबोलीच्या तीन दिवसांनी दोन चुका दाखवल्या. फळ्यांच्या सपाट बाजूंना मी तीन हात पॉलीयुरेथेन दिलं होतं, कडांना एकच. प्लाय पाणी पितो ते कडेने, कापलेल्या पदरांतून. चाकाच्या उंचवट्यापाशी कोरलेली कड दीड मि.मी. फुगली. वाळवून, घासून, कडांना पातळ केलेला पहिला हात जिरवून वर चार हात दिले. दुसरी चूक जास्त नडली. ओले टिपकागद बंद झाकणाखाली दोन रात्री राहिले आणि तळाखालून कुबट वास यायला लागला. त्या खेपेचे सहा नमुने बुरशीने गेले. त्यांतला एक त्याने चार वर्षांनी पुन्हा फुललेला पाहिला होता, आणि तो फोनवर बराच वेळ गप्प होता. मी सामानाचा विचार केला होता, हवेचा केला नव्हता. आता झाकणाला दोन्ही बाजूंना ४० मि.मी.ची सहा-सहा भोकं आहेत आणि झाकणातली बोटं घालायची खाचही हवेसाठी मोठी केली आहे. ओले कागद खाली जात नाहीत, वर जाळीच्या पिशवीत लटकतात.

कुरकुर शोधायला दोन रविवार गेले. फेल्ट बदललं, बोल्ट आवळले, शेवटी विद्यार्थ्याला मागे आडवं झोपवून बंद आवारात गाडी चालण्याच्या वेगाने खड्ड्यांतून नेली, तेव्हा त्याने बोट ठेवलं: आवाज फळीचा नव्हता, क्लिपेचा वरचा आकडा खालच्या पट्टीवर घासत होता. सायकलच्या ट्यूबचा नखाएवढा तुकडा लावल्यावर गप्प.

घरी तळ कुठे ठेवायचा हाही कामाचाच भाग आहे. पहिल्या महिन्यात फळ्या दाराआड भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. ओल्या हवेत तिरकी उभी फळी स्वतःच्या वजनाने बाक धरते, पुढच्या फळीला मधोमध ४ मि.मी.चा आला. उलटी करून, वर तांदळाचा डबा ठेवून तीन आठवड्यांत बराचसा गेला. आता त्या दिवाणाखाली आडव्या असतात, खाली तीन पट्ट्या, म्हणजे फरशीची ओल लागत नाही आणि वाळवी आली तर दिसते.

ऑक्टोबरच्या शेवटी तळ पुन्हा त्याच काट्यावर ठेवला. १७.९ किलो. सातशे ग्रॅम वाढ, थोडा रंग, थोडं पाणी. मागचं झाकण उजव्या कोपऱ्यात घासतं, भाऊ म्हणतो रंधा मार. मी डिसेंबर संपेपर्यंत थांबायला सांगितलंय. थंडीत फळी सुकेल, तेव्हा पुठ्ठा लावून पाहू.